तीन बंद, ऐकलं

वस्तीत तिला सगळे टाकीबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ती इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होती. पाण्याची पातळी, दाब, औषधाचं प्रमाण मोजणारी यंत्रं आणि त्या यंत्रांचं ऐकून पंप नि व्हॉल्व्ह चालवणारे कंट्रोलर सांभाळणं, हे तिचं काम. पण एवढं लांबलचक कोण म्हणणार? नळ कोरडा पडला की लोक सरळ तिचं दार वाजवत. खाली नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. तिथे माप द्यायला आलेली माणसंही मापाबरोबर पाण्याची तक्रार देऊन जात. ती वरून उतरली की नवरा सांगे, "आजचा माल ऐक. एक बाही आखूड, दोन नळ कोरडे."

ती हसे, पण थोडंच. मुळात कमी हसणारी. अंगाने बारीक, चालणं भरभर, आणि हातातलं काम तोंडाने बोलून दाखवायची सवय. घरात गॅस बंद करतानाही ती मोठ्याने म्हणे, "गॅस बंद करतेय." आणि नवरा जिथे असेल तिथून ओरडे, "गॅस बंद, ऐकलं!" लग्न नवं होतं तेव्हा त्याला वाटलं होतं, बायको जरा चक्रम आहे. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की गिऱ्हाइकाने "काज उसवलंय हो" म्हटलं तरी त्याच्या तोंडून "उसवलं, ऐकलं" निघून जायचं.

ही सवय तिला मिस्तरींनी लावली होती.

मिस्तरी म्हणजे पंपघराचे जुने फोरमन. ती नोकरीला लागली तेव्हा तिथे बाई म्हणून ती एकटीच. तिला टेबलावरचं काम द्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मिस्तरींनी तिच्या हातात पाना ठेवला आणि म्हणाले, "टेबल कधी गळत नाही. इकडे ये."

मिस्तरींच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी ते पंप नि मोटर जोडणाऱ्या कपलिंगमध्ये हात घालून बसले होते आणि पलीकडच्या माणसाने न सांगता बटण दाबलं. पंपघरात आवाजच इतका की ओरडून उपयोग झाला नाही. ते बरे होऊन परत आले आणि त्यांनी एक शिस्त घालून दिली. काही चालू करायचं, बंद करायचं, तर आधी मोठ्याने सांगायचं. समोरच्याने तेच परत म्हणायचं आणि "ऐकलं" जोडायचं. उत्तर कानावर पडेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. "न बोलता दिलेला हुकूम चोराचा," असं ते म्हणत, आणि ते म्हणताना डावा हात वर करून दाखवत. मग कुणी हुज्जत घालत नसे.

पुढे मोठी बटणं गेली, भिंतीवर राखाडी रंगाचे डबे बसले. त्यांना तारा जोडल्या गेल्या, टेबलावर पडदा आला. पडद्यावर पंपघराचं चित्र. चित्रातल्या व्हॉल्व्हवर टिचकी मारली की खरा व्हॉल्व्ह फिरे. मिस्तरींना ते मनापासून आवडलं, पण टिचकी मारण्याआधी बोलायचं आणि उत्तर ऐकायचं हा नियम त्यांनी सोडला नाही, सोडू दिला नाही.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. काकू, म्हणजे त्यांची बायको, टाकीबाईला दाराशी गाठून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, सुधारतील. पण ह्यांनाच सुधारायचं नाहीये गं."

तेव्हा तिने एक गोष्ट केली. त्या वेळच्या साहेबांना विचारलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं, कागद काही झाला नाही. तिने पंपघराच्या पॅनलमध्ये सिमकार्डाचा एक छोटा डबा बसवला आणि मिस्तरींच्या खोलीत एक पडदा. पंपघरातलं चित्र घरी दिसू लागलं. तेच पंप, त्याच टाक्या, तेच हलणारे आकडे.

"बघायचं फक्त हं, मिस्तरी."

"हात... नाही लावत," ते म्हणाले.

आठवड्याभरात ते उठून बसले. मग डाव्या हाताने चमचा धरू लागले. सकाळी दाढी करून घ्यायची, शर्टाची बटणं लावून घ्यायची आणि खुर्ची पडद्यासमोर न्यायला लावायची, हा त्यांचा दिनक्रम झाला. काकू येईल त्याला सांगत, "ह्यांना त्या पडद्याने उठवलं. तो बंद पडला तर हे पुन्हा आडवे होतील."

वर्षं गेली. टेकडीच्या उतारावर नवी मोठी टाकी झाली आणि मिस्तरींच्या काळातली जुनी टाकी तडे गेले म्हणून पाडली. त्या टाकीचा पाया खणला जात होता तेव्हापासून मिस्तरी तिथे होते. तिच्या पहिल्या भरणाच्या वेळी त्यांनी शिडीवर बसून जेवण केलं होतं, ही गोष्ट त्यांनी टाकीबाईला कितीदा तरी सांगितली होती. पंपघरातलं चित्र तिने बदललं. जुनी टाकी पुसली, नवी काढली. मिस्तरींच्या घरचं चित्र मात्र तिने तसंच ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. टाकी पाडली हे सांगायला तिची जीभ रेटेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पंपघरात तो प्रकार सुरू झाला.

दुपारच्या वेळी तीन नंबरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होऊ लागला. पूर्वी हा व्हॉल्व्ह जुनी टाकी भरायचा. आता त्याच्यावरून वरच्या वस्तीला आणि दवाखान्याला पाणी जात होतं. दुपारच्या ड्युटीचा पंपवाला तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. पहिल्या दिवशी त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि विसरला. दुसऱ्या दिवशी उघडला आणि बडबडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला तेव्हा साहेबांनी त्यालाच फैलावर घेतलं.

"ताई, शपथ घेतो, मी हात लावला नाही," तो टाकीबाईला म्हणाला. "मी काय वेडा आहे, स्वतः बंद करून स्वतःच उघडायला? आणि सवयीप्रमाणे बोललो असतो ना. कुणी ऐकलं का मला बोलताना?"

ते मात्र खरं होतं. कुणीच काही बोललेलं ऐकलं नव्हतं.

एका शेजारच्या पाणीयोजनेत बाहेरच्या कुणीतरी तारेतून शिरून औषधाचं प्रमाण बदलायचा प्रयत्न केला होता, ही बातमी तेव्हा ताजी होती. साहेब घाबरले. त्यांनी अशा गोष्टी तपासणाऱ्या एका माणसाला बोलावलं. तो मध्यम वयाचा, शांत, नाकावर घसरणारा चष्मा. त्याने बॅग खाली ठेवण्याआधीच टाकीबाईने पॅनलचं दार उघडलं.

"आधी हे बघा," ती म्हणाली. "हा डबा मी बसवलाय. कुठे जातो तेही सांगते."

तिने सगळं सांगितलं. मग आपला लॅपटॉप उघडून, पंपघराच्या तारेला न जोडता, स्वतःच्या फोनवरून त्याने काहीतरी शोधलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिच्याच डब्याचं दार, म्हणजे आत शिरायला पासवर्ड मागणारं पान, त्यावर दिसत होतं.

"हे मी बाहेर रस्त्यावर उभा राहूनसुद्धा बघू शकलो असतो," तो म्हणाला. "जगात कुणीही बघू शकतं. पासवर्ड डब्याबरोबर आला तोच ठेवलाय ना?"

तिने होकारार्थी मान हलवली. तिचे कान तापले.

"आणि आतला कंट्रोलर म्हणजे अगदी साधाभोळा गडी. कोण बोलतंय हे विचारायची अक्कलच त्याला दिलेली नाही. तो बनला तेव्हा त्याच्याशी बोलणारे सगळे एकाच खोलीत होते. त्याच्या भाषेत कुणीही 'बंद' म्हणालं की तो बंद करतो. बघणारा कोण, हुकूम देणारा कोण, त्याला सगळे सारखेच." त्याने नोंदी वर सरकवल्या. "हे तिन्ही दिवसांचे हुकूम. तिन्ही या डब्यातून आलेत, ताई."

म्हणजे तिने मिस्तरींसाठी फट ठेवली आणि तिच्यातून परका माणूस आत आला. आज व्हॉल्व्ह, उद्या औषध. सगळ्या वस्तीच्या पोटात जाणारं पाणी.

"काढा आत्ता," साहेब म्हणाले.

"काढायचा तर आहेच," तपासणारा म्हणाला. "पण कोण येतंय ते मला एकदा बघायचंय. सगळे पंप आणि व्हॉल्व्ह हाताच्या स्विचवर टाका. मग कंट्रोलरने काहीही ऐकलं तरी यंत्र हलणार नाही. प्रत्येक स्विचपाशी माणूस उभा करा. दुपार उलटली की डबा काढू."

पंपवाल्याचा आवाज पहिल्यांदाच खुलला. "तीन हातावर घेतोय!"

"तीन हातावर, ऐकलं," टाकीबाई म्हणाली. मग ती तपासणाऱ्याला म्हणाली, "तोवर मी मिस्तरींना सांगून येते. त्यांचा पडदा एकाएकी काळा झाला तर..." त्याने पुढचं ओळखलं असावं. फक्त म्हणाला, "फोन चालू ठेवा."

काकूंनी दार उघडलं. "ये गं. आज भरदुपारी? पाणी गेलं की काय?"

"नाही काकू. मिस्तरींकडे आले."

मिस्तरी पडद्यासमोर होते. दाढी केलेली, शर्टाच्या गळ्यापर्यंत बटणं. खिडकीतला उजेड पडद्यावर पडू नये म्हणून काकूंनी जुनी चादर बांधली होती. तिला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा आता हसत नसे. ती शेजारच्या स्टुलावर बसली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती.

"मिस्तरी, हा पडदा आता..."

त्यांनी डावा हात वर केला. थांब. त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी त्यांनी माऊस धरला. चित्रातल्या जुन्या टाकीकडे बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि जड जिभेने, पण मोठ्याने म्हणाले, "तीन... बंद करतोय."

आतून भांड्यांच्या आवाजात काकू सहज ओरडल्या, "तीन बंद, ऐकलं!"

आणि मिस्तरींनी टिचकी मारली.

काकू हात पुसत बाहेर आल्या, हसत होत्या. "हे रोजचं आहे हल्ली. उत्तर दिलं नाही तर तसेच हात धरून बसतात. मला त्यातलं काय कळतंय? पण ऐकलं म्हणायला माझं काय जातं?"

मिस्तरी पडद्यावर डोळे रोखून होते. व्हॉल्व्ह उघडाच दिसत होता. "आज... ऐकत नाही," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, तक्रारीच्या सुरात, "नवी माणसं... झोपतात गं. बघ. टाकी काठोकाठ. वाहतेय. मी रोज... बंद करतो. कुणीतरी... परत उघडतं."

तिने बघितलं. नसलेल्या टाकीची पातळी पडद्यावर वरच्या टोकाला अडकून बसली होती. टाकी पाडताना पातळीची तार तुटली, तेव्हा आकडा वर चढून तिथेच थांबला होता. पंपघराच्या चित्रातून तिने तो काढून टाकला. इथल्या चित्रात तसाच राहू दिला. आणि भरून वाहणारी टाकी डोळ्यांसमोर असताना मिस्तरी हात बांधून कसे बसतील? तिकडे लोक चोर आला म्हणत होते, आणि इकडे हे त्यांना आळशी म्हणत होते.

तिचा फोन वाजला. तपासणारा होता, घाईत. "ताई, आत्ता आला हुकूम. तीन बंद. आपण त्याला आता..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याच्या शेजारी बसलेय."

तिने फोन ठेवला. आता पडदा सध्या बिघडलाय म्हणून काढून नेणं सोपं होतं. मिस्तरींना काही कळलं नसतं. तिच्या मनात ते येऊनही गेलं. पण न सांगितल्यानेच इथवर आलं होतं.

"मिस्तरी, ती टाकी नाहीये आता. पाडली."

त्यांनी पडद्यावरच्या टाकीकडे बघितलं.

"तडे गेले होते. वर नवी झालीय. इथलं चित्र जुनं आहे. मी बदललं नाही."

"सांगितलं... नाहीस."

"नाही. धीर झाला नाही."

काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातलं फडकं तसंच होतं.

"तीनवर... काय आहे?"

तिने पडद्याकडे नजर वळवली. त्यांनी पुन्हा विचारलं, अधिक मोठ्याने. फोरमन विचारायचे तसं.

"वरची वस्ती. आणि दवाखाना."

चटका बसावा तसा त्यांचा हात माऊसवरून उठला. "कुणाला...?"

"कुणाला काही झालं नाही. दवाखान्याच्या गच्चीवर साठा होता. आपल्या माणसाने प्रत्येक वेळी लगेच उघडला. आज तर व्हॉल्व्ह हलूच दिला नाही."

"मी... बोललो होतो," ते म्हणाले. "दर वेळी. बोलून... मगच."

"हो. पण आमच्यापर्यंत पोचलं नाही, मिस्तरी. तारेतून नुसता हुकूम येतो. आवाज येत नाही."

त्यांनी आपला डावा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. काकूंनी फडकं तोंडाशी नेलं. "मीच तर ऐकलं म्हणत होते गं. रोज."

"तुझी... चूक नाही," मिस्तरी त्यांच्याकडे न बघता म्हणाले. मग टाकीबाईला, "काढ."

"मिस्तरी, नुसतं चित्र बाहेर येईल आणि आत काहीच जाणार नाही, असं करता येतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखं. मी विचारते त्यांना. नवं चित्र घालून..."

"नको. काढ."

त्यांनी खुर्ची वळवायला सांगितली. काकूंनी ती वळवली, भिंतीकडे.

पंपघरात परत येऊन तिने पॅनल उघडलं. "डबा काढतेय," ती म्हणाली. पंपवाला म्हणाला, "डबा काढला, ऐकलं." तपासणाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मग तोही हळूच म्हणाला, "ऐकलं."

बाहेर पायरीवर पंपवाला तिच्याजवळ आला. "म्हणजे ताई, इतके दिवस मी मिस्तरींशी भांडत होतो?"

"हो."

"आणि जिंकत होतो?" एवढं म्हणून तोच ओशाळला. "जाऊ दे. मला काही बोलायचं नाही कुणाला. साहेबांनी मला बोलून घेतलं तेवढं पुरे."

तपासणाऱ्याला अहवालात सगळं लिहावं लागलं, आणि तिनेही ते लपवू नका म्हणून सांगितलं. तिला कार्यालयाकडून ताकीद मिळाली, बढती मागे पडली. तिने कुरकुर केली नाही. पुढचे कित्येक महिने ती त्या माणसाच्या हाताखाली पंपघर बंदिस्त करत होती. कंट्रोलरच्या तारा कार्यालयाच्या तारांपासून वेगळ्या केल्या. मधे एक राखणदार यंत्र बसवलं, जे ठरलेल्यांनाच आणि ठरलेल्या कामापुरतंच आत सोडतं. यंत्रांवरची तार नि पेन ड्राइव्ह लावायची रिकामी भोकं बुजवली. कंट्रोलरमध्ये खोचूनच राहिलेल्या, त्याच्या आतली आज्ञावली बदलू देणाऱ्या किल्ल्या काढून कुलपात ठेवल्या. "गाण्यांचा पेन ड्राइव्हसुद्धा लावू देत नाही बाई," लोक कुरकुरले. कंपनीच्या माणसाला बाहेरून काही दुरुस्त करायचं असेल तर त्याने आधी पंपघरात फोन करायचा, काय करणार ते मोठ्याने सांगायचं, इकडच्याने ते परत म्हणायचं, आणि मगच टाकीबाई तार जोडणार. काम संपेपर्यंत तिथे उभी राहणार आणि स्वतःच्या हाताने तार काढणार. हा नियम तपासणाऱ्याने लिहून घेतला तेव्हा तिला वाटलं, हे मिस्तरींना सांगायला हवं.

पण मिस्तरी कुणाशी बोलत नव्हते. काकूंचं म्हणणं खरं ठरू लागलं होतं. दाढी वाढली. शर्टाची बटणं उघडी राहू लागली. टाकीबाई दोनदा जाऊन आली. ते भिंतीकडेच बघत राहिले.

मग तिने एक गोष्ट सुरू केली. दुपारी नव्या टाकीची पातळी भरत आली की दोन नंबरचा पंप बंद करायची वेळ होई. पंपवाला मोकळा असला तरी ती स्वतः पडद्यासमोर बसे आणि मिस्तरींच्या घरी फोन लावी. काकू फोन त्यांच्या कानाशी धरत.

"मिस्तरी, नवी टाकी भरत आली. दोन बंद करतेय."

पलीकडून श्वास ऐकू येई. ती थोडं थांबे. मग शेजारी उभा असलेला पंपवाला हळूच म्हणे, "दोन बंद, ऐकलं." आणि ती टिचकी मारी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी काकू म्हणत, "झोपलेत गं," पण तरी ती बोले, आणि काकूही फोन त्यांच्या कानाशी धरत. नवरा एकदा म्हणाला, "उत्तर येत नाही तर कशाला करतेस?" ती म्हणाली, "उत्तर येत नसलं तरी ऐकतायत ते."

त्या दिवशी पंपघरात एका पंपाचं बेअरिंग वाजत होतं. कानठळ्या बसत होत्या. तिने फोन लावला, घाईघाईत म्हणाली, "मिस्तरी, दोन बंद करतेय," आणि सवयीने थांबली. पंपवाल्याने तोंड उघडलं. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

फोनमध्ये कुणीतरी घसा खाकरत होतं.

"हळू... बोलतेस," मिस्तरी म्हणाले. आवाज घोगरा होता, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. "काही... कळलं नाही. पुन्हा सांग."

तिचा हात माऊसवर होता. तो तिने बाजूला घेतला, मांडीवर ठेवला.

"दोन बंद करतेय," ती मोठ्याने म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत बसली.